दूरनियंत्रण, अवरक्त

दूरचित्रवाणी संच, ध्वनिपुनरुत्पादन साधने, केबल व उपग्रह ग्राही पेटी (सेट टॉप बॉक्स) इ. घरगुती मनोरंजनाची साधने काही मीटर अंतरावरून तारेविना चालविण्याच्या, अवरक्त (दृश्य वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारणावर आधारलेल्या पद्धतीस अवरक्त दूरनियंत्रण म्हणतात. हे प्रारण बाहेर टाकणाऱ्या हातातील साधनास दूरनियंत्रक किंवा बोलभाषेत ‘रिमोट’ म्हणतात. १९८० नंतरच्या काळात ही पद्धत जगभर रूढ झाली. तिच्या आधी तार, दृश्य प्रकाश, ध्वनी व रेडिओ तरंग अशी वेगवेगळी माध्यमे वापरून पाहण्यात आली होती. प्रत्येक माध्यमात आढळलेला दोष पुढील माध्यमाच्या शोधास कारण झाला. त्यामुळे दूरनियंत्रणाचा इतिहास व त्यातील दोषशोधन हे विषय परस्परांशी निगडित आहेत.

इतिहास : दूरनियंत्रणाची कल्पना दूरचित्रवाणीपेक्षा जुनी आहे. निकोला टेस्ला (१८५६–१९४३) यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओ तरंगांच्या साहाय्याने चालणारी लहान नौका लोकांना दाखविली. घरातील साधनास ही कल्पना अमेरिकेतील फिल्को कंपनीने १९३९ मध्ये लागू केली. तिच्या ‘मिस्टरी कंट्रोल’ नावाच्या पेटीवर दूरध्वनीवर असते तशी तबकडी होती व ती फिरवून दूर ठेवलेल्या रेडिओ संचावरील केंद्र बदलता येई. तथापि रेडिओ तरंग भिंतीतून आरपार जातात. त्यामुळे शेजारच्या घरातील तशाच संचावरही त्यांचा परिणाम होण्याचा संभव असे.

दूरचित्रवाणीसाठी झेनिथ कंपनीने १९५० मध्ये ‘लेझी बोन्स’ हा दूरनियंत्रक विक्रीस आणला. तो लांब तारेने संचाला जोडलेला असे व त्याची कळ दाबली की, संचातील लहान चलित्र (मोटर) केंद्र बदलणारा भाग फिरवीत असे. शेजाऱ्याच्या संचात ढवळाढवळ होण्याची अडचण यात नव्हती, मात्र जमिनीवरून गेलेल्या तारेला माणसे अडखळत. यावर उपाय म्हणून याच कंपनीतील अभियंते यूजीन पॉली (१९१५–२०१२) यांनी १९५५ मध्ये ‘फ्लॅश-मॅटिक’ ही पद्धत तयार केली. तीत पिस्तुलाच्या आकाराच्या विजेरीचा झोत पडद्याच्या चार कोपऱ्यांत बसविलेल्या प्रकाशविद्युत् घटांपैकी हव्या त्या घटावर टाकावयाचा असे. तारेची अडचण दूर झाली. पण खिडकीतून आलेले ऊन घटावर पडले, तरीही संच ती आज्ञाच समजे. विजेरीचा प्रकाश व सूर्याचा प्रकाश यांत भेद करण्याचे साधन संचापाशी नव्हते.

नव्या दूरनियंत्रकात विद्युत् घट असू नयेत, असा विक्री विभागाचा आग्रह होता. घट संपले म्हणजे संचच बिघडला, असे ग्राहकास वाटेल, ही भीती त्यामागे होती. रॉबर्ट ॲड्लर (१९१३–२००७) यांनी १९५६ मध्ये सिद्ध केलेल्या ‘स्पेस कमांड’ या दूरनियंत्रकाने ही अट पाळली. त्यात थोड्याथोड्या फरकाच्या लांबीच्या ॲल्युमिनियमाच्या चार दांड्या होत्या. कळ दाबल्यावर एक लहान हातोडी दांडीवर आपटे व माणसाच्या कानास ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी निर्माण होई. प्रत्येक दांडीची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) वेगळी असल्याने संचातील मंडलास कोणती कळ दाबली हे ओळखता येई. त्यासाठी संचात सहा जादा निर्वात नलिका बसवाव्या लागत व संचाची किंमत सु. ३० टक्क्यांनी वाढे. पुढे ट्रँझिस्टर आल्यावर दांड्यांची जागा घटांवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनीय मंडलाने घेतली. ही पद्धत सु. २५ वर्षे टिकली. परंतु किल्ल्यांचा जुडगा किंवा नाणी खुळखुळल्याने निघणाऱ्या ध्वनीतही श्राव्यातीत कंप्रता असल्यामुळे संच कधीकधी आपोआप चालू-बंद होई.

ध्वनीच्या पद्धतीतील दुसरी मर्यादा आज्ञांच्या संख्येची होती. प्रत्येक आज्ञेस एक कंप्रता द्यावयाची, तर थोड्याच आज्ञा सामावतात. ब्रिटनमध्ये बीबीसीने २३ सप्टेंबर १९७४ रोजी ‘सीफॅक्स’ ही पडद्यावर मजकूर दाखविणारी सेवा सुरू केली. तीत हव्या त्या पृष्ठाचा तीन अंकी क्रमांक प्रेक्षकाला संचास कळवावा लागे, म्हणजे अंकांच्या दहा कळा तरी आवश्यक झाल्या. यामुळे निरनिराळ्या कंप्रतांऐवजी अंकीय संकेतांची (स्पंदांच्या ठराविक मालिकांची) गरज भासू लागली व असे संकेत वाहून नेण्यास अवरक्त प्रारण सोयीचे ठरले.

अवरक्त प्रारणाचा शोध विल्यम हर्शेल (१७३८–१८२२) यांनी १८०० मध्ये लावला. लोलकातून पडलेल्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यास काहीच दिसत नाही तेथेही, तापमापकाचा पारा चढतो असे त्यांना आढळले. हे प्रारण निर्माण करणाऱ्या उपयुक्त अर्धसंवाहक प्रयुक्तीचा मार्ग मात्र १९६१ मध्ये खुला झाला. त्या वर्षी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतील रॉबर्ट बायर्ड व गॅरी पिटमन यांना गॅलियम आर्सेनाइडाच्या द्विप्रस्थातून (डायोडातून) अवरक्त प्रारण निघत असल्याचे आढळले. अशा प्रकारचे प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ व संकलित मंडले पुढे स्वस्त झाली आणि १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून अवरक्त दूरनियंत्रक संचाबरोबर मिळू लागले. [→ अवरक्त प्रारण].

कार्यपद्धती : दूरनियंत्रकातील द्विप्रस्थ सामान्यतः सु. ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे प्रारण बाहेर टाकतो. हे प्रारण अखंड नसून सेकंदास ३६ ते ४० हजार वेळा लुकलुकणारे असते. या लुकलुकण्याचे लहान-मोठे पुंजके व त्यांमधील विराम यांच्या रचनेतून आज्ञा व्यक्त होते. संचातील ग्राहीमध्ये प्रकाशसंवेदी द्विप्रस्थ, विवर्धक व ठराविक कंप्रताच पुढे जाऊ देणारा गाळक एकत्र बसविलेले असतात. सूर्यप्रकाश अखंड असल्याने गाळक तो अडवितो व लुकलुकणारा संकेत तेवढा पुढे सोडतो. फ्लॅश-मॅटिकमध्ये जो भेद करता आला नव्हता तो अशा रीतीने साधला.

संकेतांचे निरनिराळे संकेतनियम निर्मात्यांनी ठरविले. फिलिप्स कंपनीच्या आरसी-५ या नियमात ३६ किलोहर्ट्‌झ कंप्रता व १४ द्विमान अंकांचा संदेश असतो. त्यातील ५ अंक साधनाचा पत्ता व ६ अंक आज्ञा सांगतात. म्हणजे ३२ साधनांना प्रत्येकी ६४ आज्ञा देता येतात. एक अंक कळ दर वेळी नव्याने दाबली की बदलतो. त्यावरून कळ दाबून धरली आहे की पुन्हा दाबली आहे, हे संचास समजते. एनईसी कंपनीच्या नियमात कंप्रता ३८ किलोहर्ट्‌झ असते. त्यात आरंभी ९ सहस्रांश सेकंदाचा पुंजका व ४·५ सहस्रांश सेकंदाचा विराम असून पुढे ३२ अंक येतात. पत्ता व आज्ञा दोन्ही एकदा सरळ व एकदा उलट पाठविल्याने चुकीचा संदेश ताबडतोब ओळखता येतो. सोनी कंपनीच्या नियमात ४० किलोहर्ट्‌झ कंप्रता वापरली जाते. नियमांच्या या विविधतेमुळे एकाचा दूरनियंत्रक दुसऱ्याच्या संचास चालत नाही. अनेक संकेत शिकून घेणारा ‘सार्वत्रिक’ दूरनियंत्रक स्टीव्ह वॉझ्निॲक यांच्या सीएल-९ या कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणला.

अवरक्त प्रारण भिंतीतून जात नाही. ही त्याची मर्यादा आहे, त्याचप्रमाणे फिल्कोच्या पद्धतीतील मूळ दोषावरचा उपायही आहे. एकाच निर्मात्याचे, एकच पत्ता असलेले संच शेजारशेजारच्या खोल्यांत असले, तरी भिंत त्यांना परस्परांपासून वेगळे ठेवते.

महाराष्ट्रातील प्रसार : मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील सु. दोन दशके बहुतेक प्रेक्षकांना एक किंवा दोनच वाहिन्या उपलब्ध होत्या. वाहिनी बदलण्याचा प्रश्नच नसल्याने दूरनियंत्रकाची निकड नव्हती. संचावरील गोल खुंटी फिरवून ध्वनी कमी-जास्त केला की काम भागे. दूरनियंत्रक हळूहळू चैनीच्या वस्तूतून आवश्यक साधन कसा बनला, हे नाशिक–त्र्यंबकेश्वर येथे दर बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थ पर्वांच्या टप्प्यांनी पाहिल्यास स्पष्ट होते. १९८० च्या सिंहस्थाच्या वेळी भारतात नियमित रंगीत प्रक्षेपण नव्हते. ते १९८२ मध्ये सुरू झाले. १९९१ च्या सिंहस्थाच्या सुमारास स्टार टीव्हीच्या रूपाने परदेशी उपग्रह वाहिन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या व त्यापाठोपाठ २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही ही वाहिनी सुरू झाली. २००३ च्या सिंहस्थापर्यंत केबलद्वारे अनेक वाहिन्या घरोघरी पोहोचल्या होत्या आणि अल्फा मराठी (१९९९) यासारख्या वाहिन्या त्यांत होत्या. डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीची ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही थेट उपग्रह ग्रहण सेवा सुरू झाली. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, डोंगरांनी वेढलेल्या त्र्यंबकेश्वरासारख्या ठिकाणी अशा सेवेचे महत्त्व सहज समजण्यासारखे आहे. कारण दूरचित्रवाणीचे भूतरंग डोंगराआड नीट पोहोचत नाहीत, पण आकाशातील उपग्रहाकडे रोखलेल्या तबकडीस तो अडथळा बहुधा होत नाही.

केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) अधिनियम, १९९५ यात २०११ मध्ये दुरुस्ती होऊन केबल प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने अंकीय करण्याचे ठरले. पहिल्या टप्प्यात मुंबईसह चार महानगरे (मुदत ३१ ऑक्टोबर २०१२), दुसऱ्यात नाशिकसह ३८ शहरे (३१ मार्च २०१३) व तिसऱ्यात त्र्यंबकेश्वरासारखी उरलेली नगरपालिका असलेली गावे (३१ डिसेंबर २०१५, पुढे मुदतवाढ) यांचा समावेश होता. २०१५ च्या सिंहस्थाच्या वर्षी आलेला हा बदल घरगुती वापराच्या दृष्टीने मोठा होता. त्यामुळे प्रत्येक घरात ग्राही पेटी व तिच्याबरोबर दुसरा दूरनियंत्रक आला. संच एकाने चालू करावयाचा व वाहिनी दुसऱ्याने बदलावयाची, अशी विभागणी झाली. पेटीवर कळा अगदी थोड्या असतात, काही पेट्यांवर मुळीच नसतात. त्यामुळे पूर्वी सोयीचा असलेला दूरनियंत्रक साधन चालविण्याचा एकमेव मार्ग बनला आणि तो बंद पडला म्हणजे सर्वच बंद पडू लागले.

दोषशोधन : कळ दाबणारे बोट व संचातील मंडल यांच्यामध्ये घट, कळफलक, संकेत निर्माण करणारे मंडल, मधले अवकाश व ग्राही अशी साखळी असते. दोष कोणत्या दुव्यात आहे, हे क्रमाने पाहणे हेच दोषशोधनाचे सूत्र होय.

सर्वांत आधी आज्ञा योग्य साधनास दिली आहे काय, हे पाहतात. दोन दूरनियंत्रकांच्या घरात संचाचा दूरनियंत्रक चुकून दाबला जाऊन संचाची निविष्टी (बाह्य साधनाचा संकेत आत घेणारे द्वार) बदलते व पडद्यावर ‘संकेत नाही’ अशी सूचना येते. येथे काहीच बिघडलेले नसते. संचाच्या दूरनियंत्रकावरील निविष्टीची कळ दाबून मूळ द्वार निवडले की चित्र परत येते. वृद्ध व एकटे राहणारे प्रेक्षक या अडचणीत विशेषेकरून सापडतात.

त्यानंतर घट तपासतात. घट क्षीण झाल्यास पल्ला प्रथम कमी होतो. संचाजवळ गेल्यावर दूरनियंत्रक चालत असेल, तर बहुधा दोष तेथेच असतो. १९५६ मध्ये विक्रेत्यांना वाटलेली भीती अशा रीतीने आजही लागू आहे. दोन्ही घट एकाच वेळी व एकाच प्रकारचे बदलणे इष्ट असते. दीर्घकाळ पडून राहिलेले घट पाझरतात व त्यांतील रसायनाने स्प्रिंगा गंजतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यालगतच्या गावांत पावसाळ्यात दीर्घकाळ टिकणारी आर्द्रता हा गंज वाढविते. अल्कधर्मी घटाचे पांढरे पुटके थोड्या व्हिनेगराने निघते; मग जागा पूर्ण कोरडी करून स्पर्श पुन्हा चकचकीत करावा लागतो.

घट चांगले असूनही संच दाद देत नसेल, तर दूरनियंत्रकातून प्रारण निघते की नाही, हे पाहावे लागते. डोळ्यास ते दिसत नाही. परंतु भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यास बहुधा दिसते. दूरनियंत्रकाचे तोंड कॅमेऱ्याकडे करून कळ दाबल्यास पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकतो. काही भ्रमणध्वनींच्या मागील कॅमेऱ्यात अवरक्त प्रारण अडविणारा गाळक असतो. अशा वेळी पुढील कॅमेरा वापरतात. कॅमेऱ्याचे भ्रमणध्वनी येण्यापूर्वी कारागीर मध्यम तरंगाच्या रेडिओजवळ दूरनियंत्रक धरून कळ दाबीत. मंडल चालू असल्यास रेडिओतून खरखर ऐकू येई. अनेक दूरनियंत्रकांत ४५५ किलोहर्ट्‌झचा सिरॅमिक अनुस्पंदक असतो व तिला १२ ने भागून सु. ३८ किलोहर्ट्‌झ कंप्रता मिळविली जाते. हीच ४५५ किलोहर्ट्‌झ कंप्रता रेडिओ ग्राहीतील मध्यस्थ कंप्रता म्हणून रूढ आहे.

कोणत्याच कळेने प्रारण निघत नसेल, तर अनुस्पंदक किंवा त्याचे डाख लावलेले सांधे तुटल्याची शक्यता असते. दूरनियंत्रक हातातून पडल्यावर हा दोष विशेषतः उद्‌भवतो व सांधा पुन्हा डाख देऊन जोडल्यास बहुधा दूर होतो. काही कळाच चालत नसतील, तर दोष कळफलकात असतो. रबराच्या कळेखालील संवाहक कार्बनाची टिकली व तिच्याखालील मंडलपट्टी यांवर घामाचा, तेलाचा वा धुळीचा थर साचतो. कवच उघडून आयसोप्रोपिल अल्कोहॉलाने दोन्ही पृष्ठभाग हळुवार पुसल्यास तो निघतो. जोराने घासल्यास कार्बनाचा थरच निघून जातो. एखादी कळ अडकून सतत दबलेली राहिली, तर घट लवकर संपतात, शिवाय त्या अखंड संकेतामुळे खोलीतील इतर दूरनियंत्रकही निष्प्रभ ठरतात. अशा वेळी दोष संचात असल्याचा भास होतो. सर्व दूरनियंत्रकांचे घट काढून ते एकेक करून परत बसविल्यास खरे कारण उघड होते.

प्रारण निघत असूनही परिणाम होत नसल्यास मधले अवकाश पाहतात. ग्राहीच्या काचेवरील धूळ, पुढे ठेवलेली वस्तू, जुन्या घरातील कोनाड्यात खोलवर ठेवलेली पेटी यांमुळे मार्ग अडतो. ग्राहीवर थेट पडणारे प्रखर ऊन गाळकापूर्वीच्या द्विप्रस्थास संपृक्त करते. त्यामुळे ठराविक वेळी, उदा., पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येते तेवढाच वेळ, दूरनियंत्रक चालेनासा होतो. इलेक्ट्रॉनीय मंडलावर चालणारे सीएफएल दिवे केंद्र शासनाच्या बचत लॅम्प योजनेच्या (२००९) सुमारास घरोघरी पसरले. त्यांपैकी काहींचा प्रकाश दूरनियंत्रकाच्या कंप्रतेजवळच्या वेगाने लुकलुकत असल्याने दिवा लावताच पल्ला घटत असे. दिवा घालवून पाहणे ही त्याची सोपी परीक्षा होय.

यात्रेकरूंच्या निवासांतील अनुभव येथे उद्‌बोधक ठरतो. त्र्यंबकेश्वरासारख्या तीर्थक्षेत्री एकाच इमारतीतील अनेक खोल्यांत एकाच प्रकारचे संच असू शकतात. दारे बंद असताना ते परस्परांत लुडबूड करीत नाहीत. परंतु समोरासमोरची दारे उघडी राहिल्यास एका खोलीतील आज्ञेने दुसऱ्या खोलीतील संचाची वाहिनी बदलण्याचा संभव असतो. हा बिघाड नव्हे. भिंतीने केलेले विभाजन दाराशी संपते, एवढाच त्याचा अर्थ. एकाच खोलीत एकाच प्रकारच्या दोन पेट्या असल्यास मात्र त्यांपैकी एकीचा पत्ता बदलावा लागतो किंवा तिचा ग्राही झाकून ठेवावा लागतो.

शेवटचा दुवा ग्राहीचा. दुसरा, चांगला असल्याची खात्री असलेला दूरनियंत्रकही चालत नसेल, तर संच उघडावा लागतो व ते काम जाणकाराने करावयाचे असते. जुन्या चित्रनलिकेच्या संचात वीज बंद केल्यावरही धोकादायक विद्युत् दाब शिल्लक राहू शकतो. ग्राहीस सामान्यतः तीन अग्रे असतात : वीजपुरवठा, भूसंपर्क व निर्गम. कळ दाबली नसताना निर्गमावरील विद्युत् दाब पुरवठ्याइतका असतो व कळ दाबताच मापकाचा काटा किंचित खाली थरथरतो. तसे न झाल्यास ग्राही बदलतात. त्याची किंमत संचाच्या मानाने नगण्य असते.

नवे बदल : २००५ पासून एचडीएमआय तारेतूनच एका साधनाने दुसऱ्यास आज्ञा देण्याची सोय झाली आणि पुढे आवाजी आज्ञा घेणारे, ब्लूटूथवर चालणारे दूरनियंत्रक प्रचारात आले. त्यांना संचाच्या दिशेने रोखण्याची गरज नसते. १९३९ मध्ये वापरलेल्या व पुढे मागे पडलेल्या रेडिओ तरंगांकडे ही परतीची वाटचाल आहे. फरक एवढाच की, दूरनियंत्रक व संच यांची प्रथम जोडी जमवावी लागते, त्यामुळे शेजारचा संच दाद देत नाही. ही जोडी तुटणे हा या पद्धतीतील नवा दोष होय. घट बदलल्यावर वा संच अद्ययावत झाल्यावर ती काही वेळा पुन्हा जमवावी लागते. अशा अनेक दूरनियंत्रकांत संच चालू-बंद करण्याची कळ अद्याप अवरक्तच असल्याने ‘चालू होतो, पण पुढे ऐकत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा तुटलेल्या जोडीत सापडते.

इलेक्ट्रॉनीय कचऱ्याच्या व्यवस्थापनासाठी भारतात २०११, २०१६ व २०२२ मध्ये नियम करण्यात आले. वापरातून गेलेला दूरनियंत्रक लहान असला, तरी त्याच कचऱ्याचा भाग होतो. वर दिलेल्या क्रमाने तपासल्यास निकामी समजून टाकून दिले जाणारे कित्येक दूरनियंत्रक घट, गंज किंवा कळेखालची धूळ एवढ्याच कारणाने बंद पडलेले आढळतात. संचावरील कळा नाहीशा होत गेल्यापासून या तपासणीचे ज्ञान कारागिराइतकेच घरातील माणसासही आवश्यक झाले आहे.